तिसरे कार्ड आणि माझी सही

प्रशासनात नियम करणे सोपे असते. केलेला नियम ज्याच्यासाठी केला त्यालाच तो लागू राहिला आहे की नाही, हे पाहात राहणे मात्र अवघड असते. सेवेत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणी मला हे ऐकवले असते, तर मी मान डोलावून ते विसरून गेलो असतो. पुढे ते मला संगणकात बसणाऱ्या तळहाताएवढ्या एका पट्टीने शिकवले, आणि त्या शिकवणीत एका तरुणाची नोकरी जाता जाता राहिली. त्याचीच ही हकिकत.

२००७ सालचा पावसाळा होता. मी तेव्हा उत्तरेकडील एका राज्यात जिल्हाधिकारी होतो. एके दिवशी बडे बाबूंनी एक नस्ती समोर ठेवली. टिपणी अशी होती : 'सर्व्हरमध्ये एक अतिरिक्त एनआयसी बसविण्यास मंजुरी असावी.' मी चमकलो. सरकारी कार्यालयात एनआयसी म्हणजे १९७६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, आणि जिल्ह्याच्या बोलीत एनआयसी म्हणजे त्या केंद्राचे जिल्ह्यातील अधिकारी. त्या सज्जन गृहस्थांना सर्व्हरमध्ये बसविण्यास मी मंजुरी कशी देणार? विचारल्यावर कळले की नेटवर्क इंटरफेस कार्ड, म्हणजे संगणकात जाळ्याची तार जिथे खोचतात ते कार्ड, त्याचेही लघुरूप हेच आहे. आम्ही दोघेही हसलो आणि मी सही केली. त्या हसण्यात जो प्रश्न मी विचारायला हवा होता, तो राहून गेला. तो पुढे येईलच.

वाचकांपैकी अनेकांना संगणकाची ही बाजू परिचयाची नसेल, म्हणून थोडे खुलासेवार सांगतो.

आमच्या कार्यालयात एका कोपऱ्यातल्या खोलीत एक साधा संगणक रात्रंदिवस चालू असे. त्यावर लिनक्स ही प्रणाली होती आणि त्याचे काम वेशीवरच्या पहारेकऱ्याचे होते. त्यात दोन कार्डे होती. एका कार्डात राज्याच्या जाळ्याकडून येणारी तार होती. त्या जाळ्यावर राज्यातील इतर जिल्ह्यांची आणि खात्यांची शेकडो यंत्रे होती. दुसऱ्या कार्डात आमच्या कार्यालयातील संगणकांकडे जाणारी तार होती. बाहेरून आत येणारी प्रत्येक गोष्ट आणि आतून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट या यंत्रातूनच जात असे. कोणाला जाऊ द्यायचे आणि कोणाला अडवायचे, याचे नियम त्यात लिहून ठेवलेले होते. अशा यंत्राला फायरवॉल म्हणतात. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तीपासून हे नियम लिहिण्यासाठी आयपी-टेबल्स नावाचे साधन मिळू लागले होते, तेच आम्ही वापरत होतो.

हे नियम यंत्र वरून खाली वाचत जाते. जो नियम पहिल्यांदा लागू पडेल, तो निर्णय अंतिम. एकही लागू पडला नाही, तर शेवटी ठरवून दिलेले सर्वसाधारण धोरण. आमचे नियम एका पानावर लिहून नस्तीत जोडलेले होते. त्यांचे सार असे :

१. ईटीएच-१ वरून (आतून) येणारे सर्व स्वीकारावे.
२. ईटीएच-० वरून (बाहेरून) केवळ आपणच विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे स्वीकारावीत.
३. आतून बाहेर जाणाऱ्यांना ईटीएच-० वर या यंत्राचाच पत्ता लावून पाठवावे.
४. बाकी सर्व टाकून द्यावे.

ईटीएच-० आणि ईटीएच-१ ही कार्डांची नावे. या पानावर माझी सही होती आणि मला ते पान अगदी निर्दोष वाटले होते. आजही कोणाला दाखवले तर तो त्यात चूक काढू शकणार नाही. चूक कंसात होती. 'आतून' आणि 'बाहेरून' हे कंसातले शब्द केवळ आम्हा माणसांसाठी होते. यंत्राला आत आणि बाहेर असे काही माहीतच नव्हते. त्याला फक्त शून्य आणि एक माहीत होते.

आता ही शून्य-एकची नावे कोण देत असे? त्या काळच्या लिनक्समध्ये संगणक सुरू होताना प्रणाली आपल्या खाचा एका ओळीने तपासत जाई. जे कार्ड पहिले सापडेल ते शून्य, दुसरे सापडेल ते एक. दोन कार्डे निरनिराळ्या बनावटीची असतील, तर ज्याचे चालक-सॉफ्टवेअर आधी चढेल त्याला आधीचा क्रमांक. म्हणजे शाळेत हजेरीचा क्रमांक रोज ज्या क्रमाने मुले वर्गात येतील तसा द्यावा, असा हा प्रकार. रोज तीच दोन मुले त्याच क्रमाने येत असतील तर कोणाच्या काही लक्षात येत नाही. तिसरा मुलगा वर्गात आला आणि तो सर्वांच्या आधी पोचला, की गोंधळ सुरू.

तहसील कार्यालये जोडण्यासाठी तिसरे कार्ड घ्यायचे होते. शनिवारी संध्याकाळी कार्यालय बंद झाल्यावर आमच्या कंत्राटी संगणक-सहायकाने ते बसवले. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. हुशार, अबोल, आणि कंत्राट दर अकरा महिन्यांनी नव्याने होत असल्यामुळे कायम थोडा धास्तावलेला. रिकामी असलेली जी खाच त्याने वापरली, ती नेमकी प्रणालीच्या तपासणीच्या क्रमात इतर दोघांच्या आधी येत होती. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा नवे कार्ड ईटीएच-० झाले होते. बाहेरची तार असलेले जुने शून्य आता एक झाले, आणि आतली तार असलेले जुने एक आता दोन झाले.

अर्थातच सगळे बंद पडले. तो रात्री उशिरापर्यंत एकटा बसून एकेक गोष्ट दुरुस्त करत गेला. पत्ते चुकीच्या कार्डांना लागले होते, ते त्याने बदलले. कार्यालयातले संगणक बाहेर पोचत नव्हते, म्हणून तिसऱ्या नियमात शून्याच्या जागी एक घातला. आतल्या संगणकांचे काही ऐकूनच घेतले जात नव्हते, म्हणून ईटीएच-२ वरून येणारे सर्व स्वीकारावे, असा नवा नियम जोडला. तहसीलींसाठी आणखी एक. सोमवारी सकाळी दहा वाजता सगळे सुरळीत चालू होते. मी त्याला शाबासकी दिल्याचेही मला आठवते.

पहिला नियम मात्र जागच्या जागी होता : ईटीएच-१ वरून येणारे सर्व स्वीकारावे. तो जसा मंजूर झाला तसाच होता, एका अक्षराचाही फरक नव्हता. फक्त ईटीएच-१ आता बाहेरची बाजू होती.

अकरा दिवस हे असेच राहिले. बाराव्या दिवशी दुसऱ्या एका जिल्ह्यातून एका अधिकाऱ्याचा दूरध्वनी आला. त्यांच्या संगणक-चालकाला आपल्या पडद्यावर आमच्या यंत्राचे एक फोल्डर दिसत होते. त्यांनी ते उघडून पाहिले होते, आणि मग त्यांनाच संकोच वाटला होता. आत आमच्या जिल्ह्यातील निराधार आणि विधवा पेन्शनच्या लाभार्थींची यादी होती : नाव, नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, गाव, खाते क्रमांक. रोज रात्री तिची एक प्रत त्या पहारेकरी यंत्रावरच ठेवली जात असे. पहाऱ्याच्या यंत्रावर असे काही ठेवू नये हे आज शाळकरी मुलालाही सांगता येईल. तेव्हा दुसरे यंत्र नव्हते, आणि जागा रिकामी दिसली की तिथे दप्तर रचायचे, ही कार्यालयांची जुनी सवय.

त्या दिवशी दुपारी जेवण गेले नाही. या यादीतल्या काही बायांना मी ओळखत होतो. जनता दरबारात त्या पदराच्या गाठीतून पासबुक काढून माझ्यासमोर ठेवत. आपले नाव सरकारच्या वहीत आहे एवढाच त्यांचा आधार होता, आणि ती वही आम्ही अकरा दिवस रस्त्यावर उघडी ठेवली होती.

तार काढली गेली, राज्य मुख्यालयाला कळवले गेले, बँकांकडून त्या काळातील प्रत्येक व्यवहार ताडून पाहिला गेला. कोणाच्या खात्यातून काही गेले नव्हते. परंतु त्या अकरा दिवसांत ती यादी आणखी कोणी पाहिली, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. बाहेरचे अडवले तर त्याची नोंद ठेवावी अशी व्यवस्था होती. स्वीकारलेल्याची नोंद कोण ठेवतो?

चौथ्या दिवशी चौकशीची नस्ती माझ्यापुढे आली. निष्कर्ष स्वच्छ होता : कंत्राटी सहायकाने कार्ड बसवताना हलगर्जी केली, सबब त्याची सेवा समाप्त करण्यात यावी. खाली दोन अधिकाऱ्यांच्या सह्या. कंत्राटी माणसाला काढण्यासाठी फारसे काही लागत नाही, हे वाचकांना ठाऊकच आहे. मी पेन उघडले, आणि सही करण्यापूर्वी त्याला एकदा बोलवावे असे मनात आले. हे माझ्या न्यायबुद्धीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. मला त्याच्यावर रागवायचे होते, हे अधिक खरे.

तो आला आणि उभाच राहिला. मी विचारले, "इतके सगळे बदललेत, मग हा पहिला नियम कसा सुटला?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, जे जे बंद पडलं होतं, ते मी दुरुस्त केलं. जे उघडं पडलं, त्याचा फोन आलाच नाही."

माझ्या सेवेत मी जी काही थोडी वाक्ये वहीत उतरवून ठेवली, त्यांत हे एक आहे. जे बंद पडते ते ओरडते. ज्याचे अडते तो तुमच्या दारात येतो. जे उघडे पडते त्याचा आवाज नसतो, कारण त्यामुळे कोणाचेच अडत नाही. तहसीलदारांचा फोन आला, लेखा शाखेचा फोन आला, कार्यालयातल्या प्रत्येकाचे काही ना काही अडले होते. ज्या बायांची यादी उघडी पडली, त्यांना हे कळण्याचा मार्गच नव्हता.

मी त्याला बसायला सांगितले आणि सगळे पुन्हा समजावून द्यायला लावले. त्याने माझ्यासमोर त्या यंत्रावर एक नियम लिहिला : ईटीएच-७ वरून येणारे सर्व स्वीकारावे. यंत्राने तो निमूटपणे घेतला.

"सात नंबरचे कार्ड आहे का आपल्याकडे?"

"नाही सर."

"मग त्याने हरकत का घेतली नाही?"

त्याने सांगितलेले कारण मला पटले. नियमात कार्डाचे नाव ही केवळ अक्षरे असतात. येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर ज्या कार्डाचे नाव असेल, त्याच्याशी ती अक्षरे ताडून पाहिली जातात. कार्ड अस्तित्वात आहे की नाही, हे नियम लिहिताना पाहिले जात नाही. ते एका अर्थी योग्यही आहे, कारण संगणक सुरू होताना आधी नियम उभे राहावेत आणि मगच कार्डे जागी व्हावीत, म्हणजे मधल्या क्षणी वेस उघडी राहात नाही. पद भरण्यापूर्वीच त्या पदाच्या नावे आदेश काढून ठेवावा, तसे हे. सोय खरी, पण त्याच सोयीची दुसरी बाजू अशी की आदेश भलत्याच्या हाती पडला तरी आदेशाला ते कळत नाही.

मी नस्ती पुन्हा उघडली आणि मागे मागे जात राहिलो. तिसऱ्या कार्डाच्या मंजुरीच्या टिपणीवर माझी सही. त्यात किंमत होती, निविदेचा उल्लेख होता, कार्ड कुठल्या तारखेपर्यंत बसवावे हे होते. कार्ड बसवल्यावर जुने नियम तपासून पाहावेत, असे एक अक्षर नव्हते. नियमांच्या पानावर माझी सही. कुठले कार्ड आतले, कुठले बाहेरचे, ते यंत्राला कशावरून कळणार, असे कोणीच विचारले नव्हते, मीही नाही. 'एनआयसी'वर हसताना जो प्रश्न राहून गेला म्हणालो, तो हा : हे नवे आल्याने जुन्यांच्या ओळखीत काय फरक पडेल?

सेवा समाप्तीच्या टिपणीवर मी लिहिले की ज्या आदेशाचे पालन झाले तो आदेशच अपुरा होता आणि तो माझा होता. कार्ड बसवणाऱ्याने नियम मोडलेला नाही, त्याने तो अबाधित ठेवला, आणि घात त्यातच झाला. सबब प्रस्ताव अमान्य. बडे बाबूंना हे आवडले नाही. जिल्हाधिकाऱ्याने स्वतःविरुद्ध नस्तीवर लिहू नये, हे त्यांनी मला अत्यंत आदरपूर्वक सांगितले. मुख्यालयाकडून माझ्याकडे खुलासा मागण्यात आला, तो मी दिला, आणि माझ्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात एक वाक्य कमी चांगले आले. एवढेच. त्या मुलाचे जे गेले असते, त्यापुढे हे काहीच नव्हते.

इथे मला आईच्या एका पत्राची आठवण होते. माझी बदली झाली की आई नवा पत्ता विचारी, आणि तिला तो लांबलचक हिंदी पत्ता लिहिण्याचा कंटाळा येई. एकदा तिने सुटसुटीतपणे 'जिल्हाधिकारी' आणि खाली जिल्ह्याचे नाव एवढेच लिहून पत्र टाकले. पत्र पोचेपर्यंत माझी पुन्हा बदली झालेली होती. आवक शाखेने ते रीतसर उघडले, त्यावर शिक्का मारला आणि माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांपुढे ठेवले. मी वेळेवर जेवत नाही याबद्दलची आईची तक्रार एका तमिळ गृहस्थांनी कोणाकडून तरी वाचून घेतली, आणि आवक क्रमांकासह मला पुढे पाठवली. आई म्हणाली, "अरे, कलेक्टर म्हणजे तूच ना?" होतो, पण पत्र टाकले त्या दिवसापुरता.

पदाच्या नावे लिहावे की माणसाच्या नावे, हा प्रशासनातला जुना प्रश्न आहे, आणि कार्डांच्या बाबतीत तो तसाच्या तसा उभा राहतो. प्रत्येक नेटवर्क कार्डावर कारखान्यातच एक बारा अंकाक्षरी क्रमांक कोरलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. त्याचा पहिला अर्धा भाग उत्पादकाची ओळख सांगतो, दुसरा त्या कार्डाची. कार्ड कुठल्याही खाचेत बसवा, क्रमांक तोच राहतो. हे माणसाच्या नावे पत्र. मात्र कार्ड जळाले आणि त्याच जागी नवे आले, तर तो क्रमांक गेला. उलट खाचेच्या जागेवरून नाव दिले, तर कार्ड बदलले तरी नाव टिकते. हे पदाच्या नावे पत्र. मात्र जागाच हलल्या, तर तेही चुकते. दोहोंपैकी एकही पद्धत निर्दोष नाही. कोणती चूक परवडेल हे आधी ठरवायचे, एवढेच हाती असते.

त्या मुलाने आणि मी मिळून जी व्यवस्था बसवली, ती थोडक्यात देतो. तंत्र जुने झाले असले तरी तिच्यातला विचार अजून उपयोगी पडेल असे वाटते.

पहिली गोष्ट, कार्डांना त्यांच्या कामावरून नावे दिली : आत, बाहेर, तहसील. ही नावे अर्थात रोमन अक्षरांत, आणि पंधरा अक्षरांच्या आत, कारण लिनक्सला त्याहून लांब नाव चालत नाही. नेमइफ नावाचे एक छोटे साधन होते. एका यादीत मॅक पत्ता आणि त्यापुढे नाव लिहून ठेवले, की संगणक सुरू होताना ते कार्डांना ती नावे देई.

दुसरी गोष्ट, नियमांतून शून्य, एक, दोन हे आकडे कायमचे गेले. कंसातले शब्द कंसाबाहेर आले. 'आत'वरून येणारे स्वीकारावे, हा नियम आता वाचणाऱ्या माणसालाही कळत होता आणि यंत्रालाही.

तिसरी गोष्ट, ज्याची ओळख पटत नाही त्याला प्रवेश नाही. यादीत नसलेले कार्ड बसवले, तर त्याला यापैकी कुठलेच नाव मिळणार नाही, कुठलाच नियम लागू पडणार नाही, आणि शेवटच्या धोरणानुसार त्यावरचे सर्व टाकून दिले जाईल.

चौथी गोष्ट, यंत्राच्या पाठीवर प्रत्येक कार्डाशेजारी त्याचे नाव आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, आणि त्याचीच एक नोंदवही केली.

पाचवी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. कुठलाही बदल झाल्यावर 'सर्व चालू आहे ना' एवढेच पाहायचे नाही, तर जे बंद असायला हवे ते बंद आहे ना, हे बाहेरच्या बाजूला दुसरा संगणक जोडून, दार ठोठावून पाहायचे. त्याच्या निकालाची सहीनिशी नोंद झाल्याशिवाय नस्ती बंद होणार नाही.

पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात वीज पडली आणि बाहेरच्या तारेचे कार्ड जळाले. बाजारातून नवे आणून बसवले. त्याचा क्रमांक यादीत नव्हता. सगळे ठप्प. तीन तास कार्यालय बाहेरच्या जगाशी बोलू शकले नाही. लेखा शाखेचे प्रमुख रागाने माझ्या दालनात आले आणि ही कसली व्यवस्था, असे म्हणाले. मी त्यांना चहा दिला. माझ्या आयुष्यात कार्यालय ठप्प झाल्याचा आनंद मला तेवढा एकदाच झाला. वेस बंद पडली होती, म्हणजे ओरड झाली होती, म्हणजे दुरुस्ती होणार होती. बंद पडून चुकणे आणि उघडे पडून चुकणे यांत निवड करायची वेळ आली, तर ज्यांचा आवाज दारापर्यंत पोचत नाही त्यांच्या बाजूने निवड करावी.

आज हे तंत्र बरेच पुढे गेले आहे. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडी या सॉफ्टवेअरच्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्डांना त्यांच्या जागेवरून नावे देण्याची पद्धत आली. ईएनपी-३-एस-० असे काहीतरी नाव आता दिसते. त्याचा अर्थ तिसऱ्या मार्गिकेवरची शून्य क्रमांकाची खाच. सापडेल त्या क्रमाने नाव देण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. तरीही नवे कार्ड आल्यावर मार्गिकांचे क्रमांक स्वतःच सरकू शकतात, म्हणजे पदाचे नाव तेच राहून पद दुसऱ्या इमारतीत गेल्यासारखे होते. म्हणून आजही जाणकार एका छोट्या लिंक-फाइलमध्ये मॅक पत्त्याशी जोडून आपले स्वतःचे नाव देतात, आणि ते ईटीएच-० सारखे असू नये याची काळजी घेतात, कारण ती नावे प्रणाली स्वतः वापरते आणि दोघांची टक्कर होते.

जानेवारी २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१३ या आवृत्तीत एनएफटेबल्स हे आयपी-टेबल्सचे उत्तराधिकारी साधन आले. त्यात नियम लिहिताना कार्डाचे नाव ताडायचे की प्रणालीने दिलेला अंतर्गत क्रमांक ताडायचा, हे आपण ठरवायचे असते. क्रमांकाने ताडणे वेगवान असते, आणि कार्ड नसेल तर नियम चढतच नाही. मात्र कार्ड निघून पुन्हा आले, तर त्याला नवा क्रमांक मिळतो आणि नियम हवेत राहतो. फायरवॉलडी हे साधन तर सरळ विभागांच्याच भाषेत बोलते. नियम विभागाला लावायचे आणि कार्ड विभागात टाकायचे. ज्या कार्डाला कोणी विभाग दिला नाही, ते आपोआप ठरलेल्या एका विभागात जाते. तो ठरलेला विभाग सर्वात कडक असावा, एवढे एक वाक्य या लेखातून कोणी संगणक-चालकाने उचलले, तरी मला पुरे आहे. आता तर संगणकही दूरच्या कुठल्या केंद्रात भाड्याने मिळतात आणि त्यांना नवे कार्ड एका कळीने जोडले जाते. शनिवारी संध्याकाळी थांबून पेचकस घेऊन बसावे लागत नाही. त्यामुळे चूक करायलाही कमी वेळ लागतो.

कायदेही बदलले. संगणकीय आणीबाणीसाठीची राष्ट्रीय संस्था, सर्ट-इन, २००४ पासून काम करते आहे. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हे वाचताना मला ते अकरा दिवस आठवले आणि ती न ठेवलेली नोंद आठवली.

त्या मुलाचे पुढे चांगले झाले. त्याने स्पर्धा परीक्षा दिली, दुसऱ्या एका खात्यात कायम नोकरी मिळवली. दिवाळीला अजून त्याचा फोन येतो. आता तो स्वतः कनिष्ठांच्या टिपण्यांवर सह्या करतो. मागच्या वर्षी म्हणाला, "सर, काहीही नवं मंजुरीसाठी आलं की मी आधी विचारतो, यामुळे कुठला जुना नियम न बदलता चुकीचा होईल?"

महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढणाऱ्या माझ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. आपण जागा बदलतो, घरात नवी माणसे येतात, आणि जुने नियम आपण जसेच्या तसे पाळत राहतो, या समाधानात की आपण काही मोडले नाही. अधूनमधून पाहावे, की ते अजून त्याच दारावर उभे आहेत ना.

त्या यादीतल्या बायांना मी हे कधी सांगितले नाही. सांगायला हवे होते का, याचे उत्तर आजही माझ्यापाशी नाही. तेव्हाच्या कुठल्याही नियमात तसे लिहिलेले नव्हते, हे खरे आहे. पण नियमात नव्हते, हे कारण किती पुरते, हे मी याच प्रकरणात शिकलो होतो.